ईसीएम बदलला, तरी गाडी सुरू का होत नाही? दुरुस्तीचा हक्क नेमका कुठवर पोहोचला आहे

मुद्रा कर्जातून टॅक्सी किंवा छोटा टेम्पो घेतलेल्या माणसाला गाडी किती दिवस उभी राहिली हे कॅलेंडरवर बघावे लागत नाही. हप्त्याची तारीख ते सांगते. इंजिन नीट आहे, गिअर नीट आहे, टायर नवे आहेत; तरी गाडी सुरू होत नाही. गॅरेजवाला सांगतो, "ईसीएम गेला." मालक कुठून तरी पैसे उभे करतो, नवा ईसीएम आणतो, तो बसवला जातो आणि गाडी तरीही ढिम्म. कारण बाजारात मिळालेला तो डबा बहुतेक गाड्यांत कोऱ्या पाटीसारखा असतो. त्यावर गाडीचे सॉफ्टवेअर उतरवल्याशिवाय आणि गाडीच्या चाव्यांशी त्याची ओळख करून दिल्याशिवाय तो काम करत नाही. हे काम कोण करू शकते, कोणाला करू दिले जाते आणि त्याचे किती पैसे घेतले जातात, यावर देशात दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. त्या वादाचा मोठा भाग चेन्नईत घडला, म्हणून या लेखात चेन्नई वारंवार येईल. पण प्रश्न चाकण, चिपळूण आणि सोलापूरच्या गाडीमालकांचाही तितकाच आहे.

ईसीएम म्हणजे काय, आणि प्रोग्रॅमिंग कशासाठी

ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. काही जण त्याला ईसीयू म्हणतात. किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, धूर किती निघू द्यायचा, हे तो सेन्सरकडून माहिती घेऊन ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 नियम लागू झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यांचा पुढचा टप्पा आला. त्यानुसार गाडी रस्त्यावर चालत असतानाही प्रदूषणावर लक्ष ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे आता अगदी छोट्या मालवाहू गाडीचे इंजिनही या डब्यावाचून चालत नाही.

नवा ईसीएम बसवताना साधारण चार गोष्टी कराव्या लागतात. त्या मॉडेलचे आणि त्याच इंजिनाचे सॉफ्टवेअर भरायचे. गाडीचा चेसिस नंबर त्यात नोंदवायचा. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी आणि चाव्यांशी त्याची जोडणी करायची. आणि डिझेल गाडी असेल तर बहुतेक वेळा प्रत्येक इंजेक्टरचा कोडही टाकायचा, कारण कारखान्यातून येणारे दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे नसतात. हे सगळे चालू असताना बॅटरीचा दाब स्थिर ठेवावा लागतो. मध्येच बॅटरी बसली, तर नवा कोरा ईसीएमही निकामी होऊ शकतो. म्हणून चांगला वायरमन प्रोग्रॅमिंगच्या आधी बॅटरीला चार्जर लावतो. तो लावला नसेल, तर विचारायला संकोच करू नका.

त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: ईसीएम खरोखरच गेला आहे का? बॅटरीचे सैल टर्मिनल, जळालेला फ्यूज, खराब रिले, गंजलेला अर्थिंगचा बोल्ट किंवा उंदराने कुरतडलेली वायर, यातले काहीही झाले तरी गाडी अगदी ईसीएम गेल्यासारखीच वागते. स्कॅनरवर पी0601 किंवा पी0606 असे कोड आले, तर डब्याच्या आत बिघाड असण्याची शक्यता असते. पण तेवढ्यावरही निकाल देऊ नये. डब्याला वीज आणि अर्थिंग नीट मिळते आहे का, हे आधी मीटरने तपासायला हवे. ही तपासणी पैशाने स्वस्त असते, पण वेळखाऊ असते, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच गाळली जाते.

भाग दुकानात, कुलूप कंपनीकडे

चेन्नईत गाडीचे सुटे भाग घ्यायचे तर लोक जनरल पॅटर्स रोडवर जातात आणि जुने भाग शोधायचे तर पुदुपेट्टईला. मुंबईकरांना कुर्ल्याची आठवण यावी असाच तो भाग आहे. जुना ईसीएम तिथे स्वस्तात मिळू शकतो. पण तो ज्या गाडीतून काढला, त्या गाडीचा चेसिस नंबर आणि तिच्या चाव्यांची ओळख त्याच्यात शिल्लक असते. ती पुसून तुमच्या गाडीची ओळख भरण्यासाठी लागणारे यंत्र, सॉफ्टवेअर आणि सुरक्षा कोड अनेक कंपन्यांनी आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरते ठेवले आहेत. म्हणजे भाग बाजारात आहे, पण त्याचे कुलूप कंपनीकडे आहे.

कंपन्यांचे म्हणणे पूर्णपणे पोकळ नाही. चावीचे कोडिंग कोणालाही करता आले तर गाडीचोरांचे काम सोपे होईल. सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ झाली तर प्रदूषण वाढेल. ही भीती खरी आहे. पण त्याच कारणाखाली साधी तपासणी, कोड वाचणे, मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरणे हेही बंद ठेवले गेले, तर सुरक्षेचे कारण हळूहळू धंद्याचे कारण बनते. युरोपात यावर मधला मार्ग काढला आहे. तिथल्या 2007 पासूनच्या नियमांनुसार कंपनीला दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर पुन्हा भरण्याची सोय स्वतंत्र गॅरेजलाही द्यावी लागते, त्यासाठी वाजवी शुल्क घेता येते, आणि चोरीशी संबंधित कामासाठी तंत्रज्ञाची वेगळी पडताळणी होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये गाड्यांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारतात मात्र हा प्रश्न आधी स्पर्धा आयोगापुढे आला.

2014 चा आदेश आणि चेन्नईच्या कंपन्या

2011 मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन कार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. मूळ सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि सॉफ्टवेअर स्वतंत्र गॅरेजना मिळत नाहीत, म्हणून ग्राहकाला कंपनीच्याच दारात जावे लागते, असा तिचा आशय होता. आयोगाने चौकशी वाढवली आणि ती 17 कंपन्यांपर्यंत गेली. 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड झाला. टाटा मोटर्स, मारुती सुझुकी आणि महिंद्रा यांचाही त्यांत समावेश होता. मरैमलै नगरमध्ये कारखाना असलेली फोर्ड आणि ओरगडमला गाड्या बनवणारी निस्सान याही त्यांत होत्या.

श्रीपेरंबुदूरजवळ कारखाना असलेली ह्युंदाई मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. आयोगाचा चौकशीचा आदेश सुरुवातीला फक्त तीन कंपन्यांपुरता होता, मग आम्हाला त्यात का ओढले, असा तिचा सवाल होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. जुलै 2015 मध्ये आयोगाने ह्युंदाईला सुमारे 420 कोटींचा दंड लावला आणि 2018 मध्ये खंडपीठानेही कंपनीचे अपील फेटाळले. दरम्यान डिसेंबर 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्याविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर न मोजता सुट्या भागांच्या उलाढालीपुरता मोजावा, असे सांगितले.

दंडाचे आकडे बातम्यांत गाजले. तुमच्या-आमच्या दृष्टीने त्या आदेशातल्या दुसऱ्या गोष्टी अधिक मोलाच्या होत्या. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा. सुट्या भागांच्या किमती वेबसाइटवर जाहीर करा. आणि गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दाखवली एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. बाहेर दिवा बदलून घेतला म्हणून ईसीएमची वॉरंटी नाकारली जात असेल, तर दिव्याच्या कामाचा ईसीएमशी काय संबंध, हे लेखी मागा.

मग इतक्या वर्षांनी अडचण कायम का? एक कारण सरळ आहे: अपिलांमध्ये वर्षे गेली. दुसरे कारण तंत्राचे आहे. आदेशाच्या वेळी वाद मुख्यतः भागांचा आणि यंत्रांचा होता. त्यानंतर गाड्यांचे कुलूप यंत्रातून निघून इंटरनेटवर गेले. आज अनेक कंपन्यांचे प्रोग्रॅमिंग कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन केल्याशिवाय होत नाही. यंत्र विकत मिळाले, तरी लॉगिन मिळाले नाही तर ते यंत्र नुसते खोके आहे.

2022 नंतर काय झाले

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली. तपासणीच्या साधनांसह दुरुस्तीची साधने बाहेरच्या कारागिरांनाही मिळावीत, ही भूमिका विभागाने तेव्हा स्पष्टपणे मांडली. 24 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्रीय ग्राहक दिनी दुरुस्ती हक्काचे पोर्टल सुरू झाले. त्यावर कंपन्यांनी वॉरंटी, सुटे भाग, सर्व्हिस सेंटर यांची माहिती द्यावी अशी कल्पना आहे. सप्टेंबर 2024 मध्ये वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती आली आणि मे 2025 मध्ये तिने अहवाल दिला. तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंबद्दल आहे. गाड्यांची पाळी त्यानंतर.

पोर्टलचा उपयोग आहे. सर्व्हिस सेंटर काय सांगते आणि कंपनीने लेखी काय म्हटले आहे, हे ताडून बघता येते. पण पोर्टलवर माहिती मिळते, प्रोग्रॅमिंगचे लॉगिन मिळत नाही. गल्लीतल्या गॅरेजला ते मिळावे यासाठी वाहनांपुरता स्पष्ट नियम लागेल, आणि तो आलेला नाही.

याची निकड ज्यांची कंपनीच देश सोडून गेली, त्यांना सर्वाधिक कळते. फोर्डने 9 सप्टेंबर 2021 रोजी भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि 2022 च्या मध्यावर चेन्नईचा कारखाना बंद झाला. महाराष्ट्रात तळेगावचा शेव्हरोलेचा कारखाना त्याआधीच थांबला होता. पुढे तो ह्युंदाईने घेतला. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते. पण विक्री थांबली की सर्व्हिस सेंटरची संख्या घटते, आणि ज्या कामाला कंपनीचेच कुलूप आहे त्या कामासाठी गाडी टो करून दुसऱ्या जिल्ह्यात न्यावी लागते. अशी गाडी जुनी म्हणून स्वस्तात घेऊन टॅक्सीला लावण्याचा विचार असेल, तर आधी जवळच्या कोणत्या गॅरेजमध्ये तिचे प्रोग्रॅमिंग होते हे शोधा, मगच बयाणा द्या.

पुराचे पाणी आणि विमा

डिसेंबर 2015 चा पूर आणि डिसेंबर 2023 मधले मिचौंग चक्रीवादळ, या दोन्ही वेळी चेन्नईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. मिचौंगच्या वेळी पळ्ळिकरणैत गाड्या वाहून जातानाची दृश्ये देशभर दिसली. आपल्याकडे 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणने हेच भोगले. पाणी ओसरल्यावर गाडी वरून धडधाकट दिसते, पण ईसीएमच्या कनेक्टरमध्ये ओल राहते, पिना गंजतात आणि बिघाड कधी कधी महिन्यांनी उघड होतो.

विम्याबाबत दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर पुराने झालेले नुकसान त्यात येते, मात्र झीज, घसारा आणि आपोआप झालेला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड त्यातून वगळलेला असतो. म्हणजे पाण्याने गेलेल्या ईसीएमवर दावा करता येतो. उन्हातान्हात चालून चालून गेलेल्यावर नाही. महिन्यांनी बिघाड उघड झाला की विमा कंपनी नेमका याच फरकावर बोट ठेवते. म्हणून पाणी शिरले त्याच दिवशी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. तसे केल्याने इंजिन गेले, तर ते पुराचे नसून तुमच्या कृतीचे नुकसान आहे असे धरले जाते आणि इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतली नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो.

दावा नाकारला किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. हे विनामूल्य आहे, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. चेन्नई, मुंबई, पुणे या तिन्ही ठिकाणी कार्यालये आहेत. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

कागद कोणते मागावेत

पक्के बिल. हा उपकार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर ईसीएमचा पार्ट नंबर, तो नवा की जुना, प्रोग्रॅमिंगचे पैसे वेगळे किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून घ्या. डबाबंद नवा भाग असेल तर त्यावर छापलेली कमाल किंमत सगळ्या करांसहित असते, त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर 18 टक्के असा एकच दर आहे. जुना 28 टक्क्यांचा हिशेब कोणी दाखवला तर थांबवा.

जुना डबा परत मागा. आणि कामाआधीचा व कामानंतरचा स्कॅनरचा अहवाल घ्या, निदान मोबाइलवर फोटो तरी. कामानंतरच्या अहवालात गाडीचा चेसिस नंबर दिसतो. तो आरसीशी जुळतो का ते तिथेच बघा.

टॅक्सी आणि मालवाहू गाडीवाल्यांसाठी आणखी एक. अशा अनेक गाड्यांत ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादा याच सॉफ्टवेअरमध्ये असते. खासगी गाडीतून काढलेला ईसीएम बसवला तर ती मर्यादा निघून जाऊ शकते आणि फिटनेसच्या वेळी गाडी अडकते. "जरा पिकअप वाढवून देतो, धुराचा फिल्टर बंद करून टाकतो" असे कोणी म्हटले तर नको म्हणा. मूळ रचनेत असा बेकायदा बदल केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. बदल करून देणारा त्या वेळी तुमच्या शेजारी उभा नसतो.

व्यवसायाची गाडी असली तरी तुम्ही ग्राहक आहात का?

हा प्रश्न तक्रार करताना हमखास येतो. समोरचा पक्ष म्हणतो, गाडी धंद्याची आहे, ग्राहक आयोगात तुम्हाला जागा नाही. ते अर्धेच खरे आहे. नफ्यासाठी मोठ्या प्रमाणात व्यवसाय करणारा ग्राहक ठरत नाही; पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा ग्राहकच आहे, असे कायद्यात लिहिले आहे. 1995 मध्ये महाराष्ट्रातील एक लघुउद्योजक आणि कोइम्बतूरची एक यंत्रनिर्माती संस्था यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची फोड केली. यंत्र घेणारा तो उद्योजक हरला, कारण त्याचे काम स्वयंरोजगाराच्या पलीकडचे मानले गेले. पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की, स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. म्हणून तक्रारीत "ही गाडी मी स्वतः चालवतो, हेच माझ्या उदरनिर्वाहाचे साधन आहे" हे वाक्य लिहा आणि परवाना, बॅज, कर्जमंजुरीचे पत्र जोडा. चार गाड्या आणि चार पगारी चालक असतील तर मात्र हा मुद्दा टिकणे अवघड.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन समेट घडवण्याचा प्रयत्न करते, निकाल देऊ शकत नाही. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते. आणि 2019 च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. लातूरचा चालक चेन्नईला माल घेऊन गेला आणि तिथे गाडीचे काम बिघडले, तर त्याला चेन्नईच्या तारखा गाठाव्या लागत नाहीत. तो लातूरमध्ये दाद मागू शकतो.

हे सगळे चालू असताना हप्ता थांबत नाही. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक खाते अनुत्पादक धरते, आणि त्यानंतर मुद्राचा पुढचा टप्पा मिळणे कठीण होते. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेत तर हप्ता वेळेवर भरला असेल तरच व्याजाचा परतावा येतो. गाडी गॅरेजमध्ये अडकली आहे हे पहिल्याच आठवड्यात शाखेत लेखी कळवा, सोबत गॅरेजने दिलेल्या खर्चाच्या अंदाजाची प्रत द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुदतीत सवलत द्यायची की नाही हे बँक ठरवेल, पण अर्ज थकबाकी होण्याआधीच्या तारखेचा असायला हवा.